एका कोयत्याची कोपी

माझ्यासारख्या पुरुषांना नावं ठेवायला आमच्या केज तालुक्यात शब्दांची टंचाई कधीच नव्हती. नावं ठेवणाऱ्यांसाठी मात्र एकही शब्द नव्हता. तो मला बीडला कॉलेजात असताना एका मासिकात सापडला: होमोफोबिया, म्हणजे समलिंगी माणसांचं भय. अमेरिकेतल्या एका मानसतज्ज्ञानं तो रूढ केला, असं तिथं लिहिलं होतं. आमच्याजवळ बसायलाही भली भली माणसं दचकतात हे त्यानं पाहिलं आणि भयाचा ग्रीक शब्द त्यांनाच चिकटवला. म्हणजे आजार त्यांना, मला नव्हे! मला हसूच फुटलं. पण भय काही पटलं नाही. शिव्या घालणारा कुठं भ्यालेला असतो?

त्याच वर्षी पावसानं दगा दिला. विहीर आटली, कॉलेज सुटलं, मीही घरच्यांसोबत ऊसतोडीला जायचं ठरलं. सहकारी कारखान्याच्या तोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, घाईनं मुलगी बघितली. मी सांगून टाकलं, मला बाई नको. शेजारच्या गावचा दोस्त हाच माझा जोडीदार. आबा ताटावरून उठून गेले. मग अबोला. आपलं घर सुटलं असं समजून मी वळकटी बांधून ठेवली.

टोळी जमवणारा मुकादम ओट्यावर आला. "पोरगं अर्धाच कोयता का?"

"पुरा हाय," आबा म्हणाले. "ह्यो आन ह्याचा दोस्त."

मुकादमाला नवल वाटलं नाही. दोघा भावांचे, बापलेकांचे कोयते असतातच. "मग झोपतील तुमच्याच कोपीत."

"न्हाई. कोयत्यामागं एक कोपी आस्ती. त्यांची येगळी."

कोपी म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावरची, उसाच्या पाचटाची खोपटी, पण जोडप्याचं घर तेच. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मुकादम गेल्यावर मी विचारलं, "आबा, मग इतके दिस काहून बोलला न्हाईत?"

"लई भेव वाटत व्हतं," ते म्हणाले. "तुजं न्हाई, लोकांचं. तुमाला कुनी मारलं तर?"

मासिकातला शब्द अगदीच खोटा नव्हता तर. मी लहान पोरासारखा रडलो.

निघायच्या दिवशी, घर सोडायला बांधलेली माझी वळकटी आबांनीच उचलली आणि ट्रॅक्टरवर स्वतःच्या वळकटीशेजारी ठेवली.