एफ.सी. कुणी शिकवायचं?

फाउंडेशन कोर्सचे, म्हणजे एफ.सी.चे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात मी बॉटनी शिकवायचो, तेव्हा ते आपोआप साठत गेले, लॅबमधल्या धुळीसारखे! आर्ट्स असो की सायन्स, एफ.सी. पास झाल्याशिवाय डिग्री नाही. पर्यावरणापासून श्रमप्रतिष्ठेपर्यंत सगळं त्यात. फक्त ते शिकवणार कोण, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

आमच्या प्राचार्यांनी ठरवलं. ज्याचे तास कमी, त्याच्या गळ्यात एफ.सी.! लॉजिकचे सावंत टेम्पररी होते, कायम व्हायची वाट बघत होते. ते बिचारे म्हणाले, "सर, पर्यावरणातलं मला काय कळतं?"

"पोरांना तरी कुठे कळतं? लेव्हल सेम आहे. जा!"

*

'परिसरातील प्रदूषण' या प्रश्नावर गोवंडीच्या एका मुलीने डम्पिंग ग्राउंडबद्दल सात पानं लिहिली. धूर, माश्या, आजीचा खोकला, सगळं. गाइडमधला एकच मुद्दा त्यात होता, म्हणून सावंतांनी दहापैकी तीन मार्क दिले.

ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. "सर, गाइड लिहिणारे कुठे राहतात?"

सावंतांनी तिथल्या तिथे आठ केले. त्या दिवशी मला हा माणूस आवडला.

*

मग श्रमप्रतिष्ठेवर प्राचार्यांचं खास व्याख्यान. हॉल भरलेला. साहेब बोलायला उठले, तर टेबल जरा तिरकं वाटलं. बेल वाजवली! तळमजल्यावरून शिपाई शिंदे धापा टाकत आला, टेबल वीतभर सरकवून गेला. पोरांनी शिंदेसाठी टाळ्यांचा कडकडाट केला.

प्राचार्यांनी हात जोडून त्या स्वीकारल्या.

*

तीन वर्षांनी सावंतांची पोस्ट निघाली. इंटरव्ह्यूत समितीने विचारलं, "लॉजिकचे तास किती घेतलेत?"

"सर, मला बहुतेक एफ.सी.च मिळालं."

"मग लॉजिकचा अनुभव कुठाय?"

"एफ.सी.चा आहे ना!"

"एफ.सी.ला पोस्ट नसते हो!"

सावंतांनी सकाळी आणलेले पेढे कपाटातच राहिले. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण शेवटी मालवणी फुटलीच. "विषय सगळ्यांका सक्तीचो, आनि शिकवणारो कोणाकच नको?"

मला इतका संताप आला की मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसलो. "सर, हा अन्याय आहे! तीन वर्षं त्यांनी एकट्याने एफ.सी. ओढलं!"

"खरंय. फार वाईट झालं." प्राचार्यांनी ड्रॉवरमधून टाइमटेबल काढलं, चष्मा पुसला.

"गुरुवारी दुपारी तुमचे दोन तास मोकळे असतात ना?"