म्हातारा चहा ओततो

जपानी भाऊंना जपानी शिव्या पाठ होत्या. दुसऱ्या महायुद्धात शिपाई म्हणून गेले, ते मलायात जपान्यांच्या कैदेत सापडले आणि पहारेकऱ्यांच्या लाथांबरोबर ती भाषा त्यांच्या अंगात शिरली. सुटून आले, वऱ्हाडातल्या आपल्या गावी, उंद्रीला, वांगी-मिरची लावू लागले, आणि मुंबईच्या एका फिल्म सोसायटीकडून जपानी चित्रपटांच्या पेट्या मागवून गावोगाव तंबूत दाखवू लागले. ज्यांनी मारलं त्यांचेच सिनेमे कशाला, असं मी तोंडावर विचारलं. "त्यायच्या शिव्या लय ऐकल्या बे," ते म्हणाले. "त्यायच्या आया घरात कशा बोलतात, थे पाहून राह्यलो."

पडद्याशेजारी उभे राहून ते पात्रांचं बोलणं वऱ्हाडीत सांगत. पदरचा शब्द घालायचा नाही, हा हट्ट. पात्र गप्प, तर भाऊही गप्प. बाया विचारत, "भाऊ, झोपले काय?"

कूळकायदा आला त्या वर्षी डोणगावजवळच्या एका गावात पाटील कुळांकडून 'राजीखुशीनं जमीन सोडतो' असं लिहून घेत सुटला होता. म्हणे राजीखुशी. कायदा कुळाच्या बाजूचा आणि अंगठा पाटलाच्या ओसरीवर. आम्ही चळवळीतले कार्यकर्ते पत्रकं वाटत होतो, वाचणार कोण? नेमक्या त्याच गावी भाऊंनी आणलेल्या चित्रपटात जमीनदार एका म्हाताऱ्या कुळाला शेत सोडायला सांगतो. मी भाऊंना गाठलं. "म्हाताऱ्याच्या तोंडी एवढंच घाला, मी सही करत नाही."

"थो असं म्हणत नाही."

दुपारी पाटलाचा माणूस आला. तंबूची जागा पाटलाची. जमीनदार देवमाणूस आहे असं सांगा, नाहीतर उद्या खुंट्या उपटा. भाऊंनी त्यालाही तेच उत्तर दिलं.

संध्याकाळी पाटील पुढे खुर्चीवर, मागे सतरंजीवर कुळं. पडद्यावर जमीनदार बोलला, भाऊंनी सांगितलं, "पेरणीच्या आत शेत खाली कर." म्हातारा मान खाली घालून चहा ओतू लागला. भाऊ गप्प. प्रोजेक्टरची घरघर तेवढी.

"बोल ना बे," पाटील म्हणाला. "हो म्हणते का नाही?"

"काहीच म्हणत नाही, पाटील. चहा देऊन राह्यला."

बायांकडून आवाज आला, "शेत घ्याले आला, त्याले चहा कायले?"

"हात पाह्य त्याचा," दुसरी म्हणाली. "थरथरून राह्यला."

मग पुरुषांतून कोणीतरी, पाटलाच्या पाठीकडे बघत, "थरथरू दे. सही कुठं केली अजून?"

पाटील उठून गेला. त्याच्यासमोर ती माणसं पहिल्यांदाच बोलली होती.

सकाळी तंबू उतरला, आणि पुढे तालुक्यात भाऊंना कोणी जागा दिली नाही. माझं वाक्य घातलं असतं तरी तंबू गेलाच असता, निदान काम तरी चोख झालं असतं, असं मी त्यांना सुनावलं. दोर गुंडाळत ते म्हणाले, "मंग थे तुह्यं काम झालं असतं."

मागच्या थंडीत भाऊ गेले. त्या बोलण्याचा राग मला अजून येतो. परवा सभेत एका कुळाला बोलायला उभं केलं, तर तो बराच वेळ गप्प. पहिल्या रांगेत पाटलाची माणसं हसत होती, शेजारचा कार्यकर्ता मला कोपर मारत होता, "सांगून दे ना त्याला काय बोलायचं." मी जागेवरून हललो नाही. त्या माणसानं पाणी मागितलं, प्यायला, आणि सगळी सभा त्याच्यासाठी थांबून राहिली.