वारलूभाऊंची अर्धी प्लेट

खुर्चीवर बसण्याआधी वारलूभाऊ ती हातानं चाचपायचे. एकदा कोंबडीवर बसले होते. बोलताना मान उजवीकडे वळवायचे, कारण डावा डोळा त्यातल्या त्यात बरा होता. चहा आला की आधी वास घ्यायचे, साखर आहे का म्हणून. कुणाकडे गेले की रामरामच्या आधी "मले साखर बंद हाये" सांगायचे. आणि दर थोड्या वेळानं त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात जायचा, तिथून तोंडाकडे. सुपारी असेल, असं मला वाटायचं.

वारलूभाऊ गुरनुले मूल गावचे. राइस मिलमधून निवृत्त झाले आणि सोयरिकी जुळवू लागले. हौस म्हणून. मी त्यांचा शेजारी. मराठीत एम.ए. केलंय, आणि माझ्याकडे मोटरसायकल आहे. वारलूभाऊंना मोटरसायकलचा उपयोग होतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सिंदेवाहीला एका घरी त्यांनी कूलरला हात जोडून विचारलं, "बाई, शिक्षण किती झालं?" मुलगी बाजूला उभी होती. कूलर घरघरला. "लाजून राह्यली," वारलूभाऊ कौतुकानं म्हणाले. ती सोयरीक तिथंच संपली.

मग ते घाबरले. डोळे गेले तर सोयरिकी गेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही." गोळी वेळेवर घ्या. भात कमी करा. साखर, गूळ, मिठाई बंद. भाकर, वरण, पालेभाजी खा, चाला.

वारलूभाऊंनी सगळं पाळलं. झाडीपट्टीतल्या, धानाच्या मुलखातल्या माणसानं भात कमी करणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. त्यांच्या पत्नी शकुबाई वाटीनं भात वाढायच्या. ते वाटीकडे असे बघायचे, जणू लेक सासरी चालली.

याच दिवसांत ते मला नवरगावला घेऊन गेले. माझ्यासाठी मुलगी बघायला. मुलीचं नाव उर्वशी, वडील गुणवंतराव. पोहे आले.

आमच्याकडे मध्यस्थानं पोहे खाल्ले म्हणजे मुलगी पसंत. प्लेट बाजूला सारली म्हणजे नापसंत. तोंडानं काही बोलावं लागत नाही. पद्धत सगळ्यांच्या सोयीची आहे. मधुमेह नसलेल्या सगळ्यांच्या.

वारलूभाऊंनी प्लेट सारली.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. गुणवंतराव उठले आणि आमच्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवून आले.

"काय कमी हाये जी माह्या पोरीत?"

"पोरगी नंबर एक हाये!" वारलूभाऊ मान वळवून म्हणाले. उर्वशी दुसऱ्या बाजूला होती. "मले शुगर हाये, भाऊ."

"अन् पोराले?"

"पोराले काऊन राहीन? पोरगा हीरो हाये!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझे पोहे खाल्ले, मग वारलूभाऊंचेही खाल्ले. उर्वशी हसली, बहुतेक मला.

"तुमी बरे व्हा," गुणवंतराव म्हणाले. "मंग इथी येऊन पोहे खा. मंग बोलू."

म्हणजे माझं लग्न आता वारलूभाऊंच्या रक्तात अडकलं होतं.

पुढच्या तपासणीला शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून पाहिला.

"घरी काय खातात?"

"माह्या हातानं मोजून देतो जी," शकुबाई म्हणाल्या. "त्यायनं चोरून खाल्लं त मले दिसन. त्यायलेच दिसत नाई, मले दिसते."

एवढ्यात वारलूभाऊंचा हात खिशात गेला आणि तोंडाकडे आला.

"हे काय खाल्लं?"

"कुठी काय? मोहफूल."

खिसा उलटा झाला. टेबलावर सुकवलेल्या मोहफुलांचा ढीग पडला. खोलीभर गोड वास. मी थक्क झालो. एवढा जंगलातला मी, मलाही सुपारी वाटत होती.

"अहो, यात साखरच साखर आहे!"

"फुलात कायची साखर? साखर कारखान्यात होते."

"मग याची दारू कशी होते? साखर असते म्हणूनच ना!"

"दारूले म्या कधी हात नाई लावला," वारलूभाऊ दुखावून म्हणाले. "इच्यारा शकुले."

घरी येऊन शकुबाईंनी सगळ्या सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले. त्यानंतर वारलूभाऊंचा हात खिशापर्यंत जायचा, शिवणीवर फिरायचा आणि रिकामाच तोंडाकडे यायचा. ते तरीही चावायचे.

गोळी, भाकर, मुंगण्याची म्हणजे शेवग्याची भाजी, तलावाच्या पाळीवरून सकाळची फेरी. हळूहळू शुगर उतरली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मी समोरच होतो.

त्यांनी आधी शकुबाईंना पाहिलं. "तू म्हातारी कवा झाली व?"

"तुमी मोहफूल चावत होते तवा."

मग मला पाहिलं. बराच वेळ. टोपी काढली, पुन्हा घातली.

"प्रवीण, म्या तिथी हीरो सांगतलो होतो ना?"

"हो."

"घाईच झाली थोडी."

तरीही आम्ही नवरगावला गेलो. शब्द तो शब्द. पोहे आले. वारलूभाऊंनी या वेळी उर्वशीला नीट पाहिलं. मग मला पाहिलं. परत तिला. आणि खायला लागले. गुणवंतराव सुटल्यासारखे हसले.

प्लेट अर्धी झाली आणि वारलूभाऊ थांबले.

"खा ना जी," गुणवंतराव म्हणाले.

"डाक्टरीणबाईनं अर्धीच सांगतली."

पूर्ण प्लेटीचा अर्थ गावाला माहीत होता. सारलेल्या प्लेटीचाही. अर्धी प्लेट नवरगावात कुणी पाहिलीच नव्हती. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून विचारलं. त्यांचंही एकमत होईना.

शेवटी उर्वशीनं प्लेटीवर झाकण ठेवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "दुसरा डोळा झाला की उरलेले खायले या."