चामडी परत मागितली तेव्हा

मालतीबाई गेल्याचं कार्ड कुहीला माझ्या शाळेत पोचलं तेव्हा मी पाचवीचा वर्ग घेत होते. वाचलं आणि रडू यायच्या आधी हसूच आलं... बाईंची आठवण अशीच यायची.

धरमपेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मला मावशीकडे ठेवून बाबांनी तिथे घातलं, तेव्हा गणिताच्या सरांना हात जोडून ते म्हणाले, "गुरुजी, हाडं आमची, चामडी तुमची." तेव्हा सगळेच बाप असं म्हणत. आमच्या सरांनी ते फारच मनावर घेतलं. पाढा चुकला की छडी. महिन्याभरात बोटं अशी सुजली की मी ठरवून टाकलं, शाळा सोडायची आणि गावी जाऊन धान रोवायचं. बाबांकडे तक्रार तरी कशी करणार? चामडी त्यांनीच तर देऊन टाकलेली!

एकदा माझं वेडंवाकडं अक्षर पाहून बाईंनी मूठ उघडायला लावली आणि लगेच सरांना बोलावलं. "मारायचं नाही असा खात्याचा नियम आहे, ठाऊक आहे ना?"

"पण तिच्या वडिलांचीच परवानगी आहे, बाई."

"असं? मग त्यांनाच विचारू."

बाबा आले ते तांदळाची पिशवी घेऊन. सगळं ऐकून गडबडले. "मी मारा म्हटलं नाही जी! तसं म्हणाची रीतच हाय."

"रीत असेल. सरांनी खरंच घेतली ना चामडी. आता परत मागा."

बाबा सरांकडे वळले. खाली पाहत म्हणाले, "गुरुजी, पोरीची चामडी वापस द्या. चूक माही हाय." सरांची मान खाली गेली. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला, आणि छडी शिपायाला कोळ्यांची जाळी काढायला देऊन टाकली. फाटकाशी बाबांनी माझी बोटं हातात घेतली. "मले काहून नाही सांगतलं वं?" म्हणाले आणि रस्त्यातच रडले. मी शाळेत राहिले.

तेव्हापासून रोज सुटीच्या वेळी बाई दारात उभ्या राहत आणि एकेकीचा तळहात पाहूनच घरी सोडत. ती सवय मला लागली ती लागलीच. परवा, बाई गेल्यावर पहिल्यांदाच दारात उभी राहिले, तर माझे डोळे भरून आले. पुढे आलेली चिमुरडी घाबरली आणि हात पुढे करत घाईघाईने म्हणाली, "मॅडम, नखं कालच कापली जी!"

हात पाहायचं दुसरं काही कारण असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.