खांबाखाली खांब

"तिले घेऊनच ये, एकटा येऊ नको," असं बजावून ताईनं मला बडनेऱ्याहून वाटेला लावलं. तिची लेक वैदेही सातपुड्यापलीकडच्या कोळसाखाणीत अभियंता आहे आणि ताईची झोप उडालेली. वरूडपर्यंत संत्र्याच्या बागा बघत मजेत गेलो. घाट लागला आणि पोरीशी विषय काढायचा कसा, तेच सुचेना.

पोचलो त्या रात्री वैदेहीनं वांग्याचं भरीत आणि भाकर वाढली. मग भाकरीचा पापुद्रा एका बाजूनं उचलून म्हणाली, "मामा, आमचा कोळसा असा हाय. इकडं जाड, सलग. तिकडं फाटलेला, मधात दगड. वरचा भाग छताले टेकू म्हणून कोळशाचेच खांब सोडून काढला, आता खालचा काढून राहिलो. मधला दगड जाड असला त चिंता नाही. पातळ असला त खांबाखाली खांबच पाहिजे."

म्हणजे थर एक की दोन? मी तीनदा विचारलं. जन्मभर मराठी शिकवली, मला काय डोंबल कळणार!

सकाळी परवानगी काढून तिच्याबरोबर खाली उतरलो. मोर्शीकडचे रामराव तिथले सरदार (छत तपासून माणसं कामाला लावणारे). त्यांनी काठीनं छत ठोकलं. आवाज खणखणीत आला.

"पक्कं हाय! लावतो लोकं."

"थांबा काका. ठोकून दगडाची जाडी नाही समजत," वैदेही म्हणाली आणि तिनं छतात भोक पाडायला लावलं. पांढुरका चुरा पडू लागला आणि लगेच काळा झाला, दगड संपून वरचा कोळसा लागला होता. नकाशात पुरुषभर दाखवलेला दगड दीड हातही नव्हता. त्या नकाशावर विसंबून खांबाखाली खांब धरलाच नव्हता, वरचा खांब नेमका आमच्या डोक्यावर!

"काम बंद. सगळे बाहेर!"

माझी तर पाचावर धारण बसली. वैदेही सर्वांत शेवटी वर आली.

चहा पिताना रामरावांना मी येण्याचं कारण सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"न्या ना, पोर तुमची हाय. पन म्या आज लोकं आत लावून राहिलो होतो, हेबी तिच्या मायले सांगजा."

परतलो तेव्हा ताई दारातच होती. सगळं सांगितलं. थराचं मात्र नीट सांगता आलं नाही, अजूनही येत नाही.

"मंग चाल म्हनलं नाही तिले? काहून?" ती चिडलीच. "अन् ते शेवटी निंगाली, तवा तू कुठी होता?"

"सगळ्यांच्या पुढे. पळत."

आता कोणत्या तोंडानं म्हणणार होतो तिला, घरी चल?