‘फाइन’चा एक मार्क

मंडळी, आज दुपारी भाचीने पेपर तपासता तपासता मला असं कोड्यात टाकलं की माझा चहा निवून गेला.

शुभांगी, माझी भाची, कॉलेजात इंग्रजी शिकवते. परीक्षेत तिने मुलांना एक रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. आई आणि होस्टेलवरची मुलगी फोनवर बोलताहेत. मुलगी कशी आहे, ते लिहायचं. सगळ्यांनी लिहिलं, ती फाइन आहे. छापील उत्तरही तेच.

मौदा गावच्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘शी सेज फाइन. बट शी नॉट ईट.’ फाइन म्हणते, पण जेवली नाही.

“पाह्य ना वं मावशी, कायच्या काय लिहिलं! अन् पास व्हायले एका मार्कानं अटकून राहिली पोट्टी.”

“मले ऐकव बरं ते.”

माझं इंग्रजी घरीच वर्तमानपत्र वाचून शिकलेलं, पण एवढं समजलं. आई विचारते, जेवलीस का? मुलगी म्हणते, इथली हवा छान आहे. आई पुन्हा विचारते. मुलगी म्हणते, आय ॲम फाइन.

“शुभे, जेवणाचं उत्तरच नाही दिलं वं तिनं! पोटात भूक अन् ओठावर फाइन.”

शुभांगीने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. “मी इतक्यांदा ऐकलं. मले काहून नाही समजलं?”

“तू घरचं जेवून राहिली ना बाई. ते पोट्टी घरापासून दूर राहत असन.”

तिने मार्क दिला. पोरगी पास झाली.

तुमचं लेकरू बाहेरगावी असेल तर सांगा, ते ‘मी बरा आहे’ म्हणतं, तेव्हा तुम्ही पुढे काय विचारता?