पाणी जातंय कुठे

टर्बो गाडी घेतली, हौसेने इंजिनाचा दम वाढवून घेतला आणि तेव्हापासून रोज सकाळी कूलंटच्या डब्यात पाणी ओतायला लागलो. गाडीखाली एक थेंब दिसत नसे, तरी डबा रिकामा. "पाणी जातंय कुठे?" बायको विचारायची. "उन्हाळा आहे," मी सांगायचो. गाड्यांतलं मला कळतं असा माझा समज होता, आणि तिला कळत नाही असाही.

शेवटी घोडबंदरच्या चढावर तापमानाचा काटा लालवर गेला, मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी टोचन करून काशीमीऱ्याच्या गॅरेजात आणावी लागली. मिस्त्री इथलाच, मूळचा मिठागरवाल्यांच्या घरातला. त्याने ऑइलचं झाकण उघडून माझ्या नाकासमोर धरलं. ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याला आतून साय धरली होती. "हेड गॅसकेट गेलाय. पानी इंजिनच पितंय."

इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवून त्याने त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसला. तापून हेड वाकलं होतं. ते हाटकेशच्या वर्कशॉपमधून घासून सपाट करून आणलं, हेडखालच्या सांध्यातून पाणी झिरपू न देणारं नवं गॅसकेट घातलं आणि सगळे बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे करत आवळले.

चार दिवसांनी आम्ही दोघं गाडी घ्यायला गेलो.

"इतके दिवस पानी कमी व्हत होता," मिस्त्री म्हणाला, "जातंय कुठं, कोनी इचारला न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. तिने हात पुढे करून मिस्त्रीकडून चावी घेतली.